बिनविजेची गाणी

गाणं संपवायची वेळ झाली की तो उजव्या हाताची दोन बोटं डोक्यावर उंच धरायचा, कात्रीसारखी मिटायचा आणि म्हणायचा, "कच्च!" त्या क्षणी मागचे ड्रम, गिटार, सगळं एकदम बंद. नाचणारी पोरं-पोरी एक पाय हवेत ठेवून थांबायची आणि मग हॉलभर हशा उसळायचा.

धंदा माणसाच्या बोटांत कसा उतरतो ते तुम्हीही पाहिलं असेल. हा शिंपी होता. बेंगळुरूच्या पेठेत, एका अरुंद गल्लीत त्याचं वडिलोपार्जित दुकान होतं. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्याचे पूर्वज इकडे आले. फौज गेली, हे राहिले. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, कारागिरांशी तमिळ, आणि रविवारी सकाळी छावणीतल्या हॉटेलात इंग्रजी.

"इंग्रजी बोलता येत नाही की अण्णा मला," तो म्हणायचा. "फक्त गाता येतं."

मी पुण्याहून इथल्या एका सरकारी कारखान्यात रेडिओच्या कामावर इंजिनिअर म्हणून आलो होतो आणि मल्लेश्वरात खोली घेऊन राहत होतो. पँट शिवायला म्हणून त्याच्याकडे गेलो. माप घेताना त्यानं टेप सैल सोडली आणि विचारलं, "पुण्याचे का? स्वल्प श्वास सोडा. पुण्याकडची माणसं पोट आत ओढून माप देतात, आणि मग पँट घट्ट झाली म्हणून भांडायला येतात."

मी श्वास सोडला. तो समाधानानं मान हलवत कुठलीशी इंग्रजी चाल गुणगुणू लागला. त्याच आठवड्यात त्यानं मला हॉटेलात बोलावलं.

रविवारी सकाळी तिथं तरुण मंडळींची गर्दी व्हायची. कॉलेजची मुलं, छावणीतल्या अँग्लो-इंडियन मुली, लिंबू-सोड्याचे ग्लास, आणि स्टेजवर हा. अंगात स्वतः शिवलेला चकचकीत निळा सूट. त्याचं कापड पडद्याचं होतं, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक. विजेवर वाजणारी गिटार मी तिथं पहिल्यांदा जवळून पाहिली. परदेशी रेडिओवर जी गाणी गाजत, ती तो हुबेहूब गायचा. वर आपला एक धक्का द्यायचा आणि लोक वेडे व्हायचे.

शेजारी दुसरी गिटार घेऊन त्याचा जिवलग मित्र उभा असे. रॉनी त्याचं नाव. कूक टाउनमधल्या एका विधवा शिक्षिकेचा एकुलता एक मुलगा. गाण्यातले इंग्रजी उच्चार त्यानंच याला शिकवले होते. त्या बदल्यात हा त्याच्या पँटी शिवायचा, आणि इतक्या तंग शिवायचा की रॉनीला स्टेजवर खाली बसता येत नसे. तारा छेडायची नखी खाली पडली तर रॉनी नुसता तिच्याकडे बघत राहायचा आणि हा गाता गाता वाकून ती उचलून द्यायचा.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाता गाता तो कधी कधी ओठ झटकन मागं घ्यायचा. लोकांना ती अदा वाटे. मी त्याला विचारलं.

"माईक चावतो अण्णा," तो हसत म्हणाला. "कुत्र्याचं पिल्लू चावतं तसं. लाड असतात ते."

मला हसू आलं नाही. मी स्टेजच्या मागं जाऊन त्याचा ॲम्प्लिफायर तपासला. एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बांधून दिलेलं ते खोकं होतं. प्लगमधली अर्थिंगची वायर काढून ठेवलेली होती.

"ही का काढली?"

"ती लावली की घूं करतं. गाण्यात मध्येच मी थांबतो ना, तिथं सगळं शांत पाहिजे. तिथं हे घूं घूं."

"करू दे घूं घूं. वीज कुठं गळाली तर जमिनीत जायला तिला ही वाट असते. तुम्ही ती बंद केलीत तर ती माणसातून वाट काढील."

मी स्वतः वायर जोडली, स्क्रू आवळला. त्यानं माझा हात धरला. "सरी, बरं अण्णा. तुमचा शब्द."

पुढं कारखान्यात रविवारचीही कामं निघाली आणि माझं हॉटेलात जाणं बंद पडलं. मोकळा झालो त्या रविवारी पोचायला मला उशीर झाला. दारातून आत शिरत होतो तेव्हा हा स्टेजवरून उतरत होता. घसा कोरडा पडला होता. रॉनीनं स्वतःची गिटार उतरवली, यानं आपली त्याच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "स्वल्प सांभाळ, पाणी पिऊन येतो."

रॉनीनं दोन-चार सूर छेडले, लोकांकडं बघून डोळा मारला आणि माईक जवळ ओढायला हात लावला.

त्याची मान मागं गेली. अंग ताठ झालं. दात दिसू लागले. लोकांना वाटलं, हा काहीतरी नवा प्रकार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी शिट्टी मारली. रॉनी माईक सोडत नव्हता, आणि टाळ्या वाढत होत्या. मी बटन शोधत गर्दीतून धावलो, ते सापडेपर्यंत रॉनी खाली कोसळला होता. तरीही मागच्या बाकांवरचे काही लोक टाळ्या वाजवतच होते.

हा पाण्याचा ग्लास हातात घेऊन दारात उभा होता.

रॉनी गेला. पोलीस आले. अर्थिंगची वायर कापलेली आढळली. आदल्या दिवशी हॉटेलचा वायरमन मुनिस्वामी स्टेजवरच्या सॉकेटचं काम करून गेला होता. हॉटेलवाल्यांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. मुनिस्वामी पन्नाशीचा, अबोल माणूस. "मी प्लगला हात लावला नाही," एवढंच तो म्हणत राहिला. त्याला अटक झाली, मग जामिनावर सुटला, आणि नोकरी गेली ती गेलीच. मी जबाबात सांगितलं की ती वायर मी जोडली होती. पण नंतर ती कुणी कापली, ते मला कुठं ठाऊक होतं?

मी दुकानात जाऊन याला विचारलं, "वायर तुम्ही काढली होती का?"

"मला काय माहीत अण्णा." तो निळ्या खडूनं कापडावर रेघ मारत होता. रेघ सरळ आली.

त्यानंतर तो हळूहळू बदलत गेला. दुकानामागंच त्याचं घर होतं. तिथली वीज त्यानं तोडायला लावली. एकदा मी गेलो तर दिवेलागणीची वेळ आणि घरात कंदील. मुलगी त्या उजेडात गणितं करत होती. वहिनी मला दारातच गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही तरी सांगा की यांना. शेजारी रेडिओ लागला तरी उठून बाहेर जातात. झोपेत बोटं अशी आखडतात." त्यांनी आपली बोटं आकसून दाखवली. "मी एकेक बोट सोडवते, सकाळी यांना काही आठवत नाही."

मी त्याला काही सांगू शकलो नाही. तो मला नमस्कार करायचा, खुर्ची द्यायचा, कॉफी मागवायचा, पण माझ्याकडं बघायचा नाही.

मग एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीतून गिटारचा आवाज आला. साधी, लाकडी गिटार. गाणं ओळखीचं होतं. प्रेयसीला 'रविवारी येतो, तयार राहा' असं सांगणाऱ्या पोराचं ते गाणं. हॉटेलात त्यावर सगळ्यांत जास्त नाच व्हायचा. पण हा ते इतक्या संथपणे म्हणत होता की मला पहिल्यांदा त्यातले शब्द ऐकू आले. येतो म्हणणारा तो पोरगा आता कुठल्याही क्षणी दारात उभा राहील आणि दार उघडणाऱ्याला त्याच्याकडं बघवणार नाही, असं काहीतरी त्या आवाजात होतं. पुढच्या खोलीतला कारागीर मशीन थांबवून बसला होता. "सार हल्ली हेच गातात," तो मला म्हणाला. "माझ्या बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ते दुकान सोडा."

त्यानं सगळी जुनी गाणी अशी उलगडून पुन्हा शिवायला घेतली होती. चाल तीच, पण टाके निराळे. धावणारी गाणी चालायला लागली, चालणारी थबकली. आवाजही उतरला होता, खर्जातला झाला होता. तो एकटाच दुपारी छावणीतल्या एका जुन्या सभागृहात ती म्हणू लागला. माईक नाही, पंखा नाही, दिवा नाही. खिडक्यांतून येईल तेवढा उजेड.

सुरुवातीला लोक कुतूहलानं आले. जुन्या गाण्याची ओळ आली की कुणीतरी ताल धरायला टाचा आपटायचं आणि मग गप्प व्हायचं. एक मुलगी मध्येच उठून बाहेर गेली. पायरीवर बसून ती रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, "त्या गाण्यावर माझं लग्न जमलं. आता मला ते पुन्हा ऐकवणार नाही." ड्रमवाला एकदा आला आणि जाताना माझ्या कानाशी पुटपुटला, "हा आपल्यासाठी गात नाही. हा कुणाला तरी बोलावतोय." आणि गंमत पाहा, लोक भ्यायले तरी येतच राहिले. आधीपेक्षा जास्त येऊ लागले.

त्या गर्दीची बातमी मद्रासपर्यंत गेली. एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, बोलका, सारखा घाम पुसणारा. ऐकून तो थक्क झाला. म्हणाला, "हे असं कुणी केलेलं नाही. लोकांच्या समोर, असंच, एकट्या गिटारवर ध्वनिमुद्रण करू. मोठी तबकडी काढू."

"विजेचं काही आणायचं नाही," हा म्हणाला.

"मग मुद्रण कसं व्हायचं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं! माझ्याकडं सेलवर चालणारा एक लहान स्पूल टेपरेकॉर्डर होता. मी हो म्हटलं. मद्रासचा माणूस आधी नाराज झाला, मग म्हणाला, नमुना तर होऊ दे.

"आणखी एक," हा म्हणाला. "टाळ्या नकोत."

"लोकांसमोरचं मुद्रण आणि टाळ्या नकोत?"

"रॉनीला वाजवल्या होत्या."

मद्रासच्या माणसानं रुमाल काढून घाम पुसला.

ती दुपार ढगाळ होती. सभागृहात आधीच अंधारून आलेलं. मी त्याच्यापासून दूर, एका स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, त्याचा माईक टेबलावर मांडला. दारात एक चिठ्ठी लावली होती, कृपया टाळ्या वाजवू नका. लोक देवळात शिरावं तसे पाय न वाजवता आत येत होते. पहिल्या रांगेत एक खुर्ची त्यानं स्वतः नेऊन ठेवली होती. तिच्यावर रॉनीची आई येऊन बसली. सगळे त्यांना डोरा आंटी म्हणत. काळा झगा, पाठ ताठ. आणि मागं, दाराजवळ, मुनिस्वामी उभा होता. त्याचा खटला अजून चालूच होता. या दोघांना बोलवायला हा स्वतः गेला होता, ते मला नंतर कळलं. मुनिस्वामी म्हणे तीनदा नाही म्हणाला होता.

तो गायला लागला. एकामागून एक जुनी गाणी. प्रत्येक गाण्यानंतर शांतता, त्या शांततेत कुणाची तरी खुर्ची करकरायची आणि तो पुढचं गाणं धरायचा. बाहेर ढग आणखी खाली आले. समोरच्याचा चेहराही नीट दिसेना. शेवटी त्यानं रविवारचं गाणं घेतलं. 'तयार राहा' या शब्दांपाशी आला आणि थांबला. हॉटेलात तो इथंच थांबायचा. इथंच त्याला ती शांतता हवी असायची.

या वेळी ती लांबत गेली. मग तो बोलू लागला. ज्याला इंग्रजी फक्त गाता येत होतं, तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होता. मी ते मराठीत सांगतो.

"वायर मी कापली. मुनिस्वामीनं नाही. या जागी घूं आवाज यायचा. मला आवडायचा नाही. या अण्णांनी जोडून दिली होती. मी पुन्हा कापली. माझ्या कात्रीनं. पोलिसांना मी खोटं बोललो. आंटी, मी कापली."

कुणी हललं नाही. माझ्या टेपची रिळं फिरत होती, त्यांची बारीक सरसर मला ऐकू येत होती. त्याची बोटं तारांवर आखडली होती. आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी धावून जाईल, असं वाटत होतं.

मग पहिल्या रांगेतून आवाज आला. कोरडा, वर्गात मुलाला सांगावा तसा.

"पुरं कर ते."

त्यानं मान वर केली.

"गाणं. पुरं कर."

तो गायला. अर्ध्यातून धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. आवाज कुठंही फुटला नाही, म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. संपल्यावर लोक उठून एकेक करून बाहेर गेले. दाराशी तो मुनिस्वामीच्या समोर जाऊन उभा राहिला. मुनिस्वामीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस का लागले?"

उत्तराची वाट न बघता मुनिस्वामी छत्री उघडून पावसात निघून गेला.

तिथूनच तो पोलीस चौकीवर गेला. मी बरोबर होतो. मुनिस्वामीवरचा खटला मागं घेतला गेला. हॉटेलनं त्याला परत बोलावलं, पण तो गेला नाही. याला काही महिन्यांची शिक्षा झाली.

शिक्षेआधी मद्रासचा माणूस पुन्हा आला होता. टेप ऐकून तो हरखला होता. "गाणी सोनं आहेत," तो म्हणाला. "मधलं तेवढं बोलणं काढू. टेप तिथं कापायची आणि जोडायची. कळणारसुद्धा नाही."

"कापू नका," हा म्हणाला.

"अहो, मग तबकडी निघणार नाही."

"नको निघू दे. आता काही कापायचं नाही."

तबकडी निघाली नाही. टेप माझ्याकडंच राहिली.

तुरुंगातून तो आला तो वाळून आला, खोकत आला. दुकान वहिनी आणि कारागीर चालवत होते. घरात दिवे पुन्हा लागले होते. त्यानं विरोध केला नाही, पण बटनाला हात लावत नसे. गाणं सुटलं ते सुटलंच. दर रविवारी, आंटी प्रार्थनेहून परतायच्या सुमाराला, तो कूक टाउनला त्यांच्या फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. आंटी खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या. तो थोडा वेळ थांबून परत फिरायचा. मी म्हटलं, "कशाला जाता? त्या दार उघडणार नाहीत."

"त्या माझ्याशी बोलल्यात अण्णा," तो म्हणाला. "एकदा. सगळ्यांसमोर."

एका हिवाळ्यात त्याचा खोकला बळावला आणि तो गेला. अंत्ययात्रेत मी होतो, ड्रमवाला होता. पावसात छत्री उघडून गेलेला मुनिस्वामीही होता, सगळ्यांच्या मागं, एकटा.

काही आठवड्यांनी आंटींचा निरोप आला. ती टेप घेऊन या.

मी गेलो. त्यांच्या बैठकीत पियानोवर रॉनीचा फोटो होता. आंटी खुर्चीत ताठ बसल्या. मी टेप लावली. गाण्यामागून गाणं, शांतता, करकरणाऱ्या खुर्च्या. रविवारचं गाणं आलं, ते थांबणं आलं, ते मोडकं इंग्रजी आलं. आंटींची नजर रिळांवर होती. मग त्या कोरड्या आवाजात "पुरं कर ते" आलं, आणि त्यांनी दचकून हात वर केला. मी टेप थांबवली.

"ती बाई कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्हीच, आंटी."

त्या झग्याच्या घडीवरून बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मी ते मनातच म्हटलं."

बाहेर फाटकाशी कुणी नव्हतं. तरी त्यांनी एकदा खिडकीकडं पाहिलं.

"म्हणून यायचा का तो?"

"हो."

"लाव पुढे."

मी लावली. तो गायला, शेवटपर्यंत. मग लोकांच्या उठण्याचे आवाज, पायरव, खिडकीवर आलेला पाऊस. मला वाटत होतं, टेप इथं संपते. पण यंत्र बंद करायचं मला त्या दिवशी सुचलं नव्हतं, आणि मी ती टेप कधी इथवर ऐकलीही नव्हती. त्या पावसातून त्याचा साधा, बोलण्यातला आवाज आला, मराठीत, हळू: "सगळं आलं का, अण्णा?"

त्यावर मी तेव्हा काय म्हणालो ते टेपवर नव्हतं. टेप संपली.

आंटींना मराठी येत नव्हती. "काय म्हणाला तो?"

"विचारतोय, सगळं आलं का."

त्या उठल्या. थांबलेल्या रिळांपाशी आल्या, किंचित वाकल्या आणि वर्गात हजेरी द्यावी तशा स्पष्ट म्हणाल्या, "आलं."